बाईंना विचारा: शाळा खरंच चांगली आहे का, हे ओळखायचं कसं?

या वेळी पत्रांचा आणि मेसेजचा ढीग एकाच विषयावर पडलाय. पहिल्या सत्राची प्रगतीपुस्तकं घरोघरी पोचली की दरवर्षी असंच होतं. मी 33 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यातली शेवटची 9 केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे शिकवलंही आणि दुसऱ्यांच्या वर्गात मागे बसून बघितलंही. त्या जोरावर जमेल तसं सांगते. पाच पत्रं घेतलीत, काहींना दोन ओळीत उरकलंय, रागावू नका.

बाई, माझी मुलगी तिसरीत आहे, सेमी इंग्लिश, अनुदानित शाळा. प्रगतीपुस्तकात सगळीकडे अ-1, एका विषयात फक्त अ-2. पण परवा माहेरी गेलो तर तिच्या मामाने पेपरातली बातमी वाचायला दिली आणि तिला दोन ओळी पण धड जमेनात, शेवटी रडायला लागली. मग अ-1 कशाचं? शाळा फसवतेय का? – एक आई, मिरज

आधी त्या मामाला माझा निरोप द्या, की पेपर हे तिसरीच्या पोरीचं पुस्तक नव्हे. 'प्राधिकरण' आणि 'अधिसूचना' वाचताना मोठी माणसंही अडखळतात, तुमच्या मामांनाच मोठ्याने वाचायला सांगा एकदा.

आता अ-1 चं. अ-1 म्हणजे 91 टक्के किंवा त्याहून जास्त. पण 91 कशातले, तर आपल्याकडे 2010 पासून जी पद्धत आहे तिच्यात तिसरी-चौथीला 60 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आणि 40 टक्के संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला. आकारिक म्हणजे बाईंनी वर्षभर बघून द्यायचे मार्क, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय वगैरे. कल्पना एकदम चांगली आहे हो, तीन तासांच्या पेपरापेक्षा शंभरपट चांगली, मी तिच्या बाजूचीच आहे. पण एका वर्गात 50 मुलं, प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी, आणि त्या भरल्या जातात कधी तर सत्र संपायच्या आदल्या आठवड्यात. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळायच्या, आता व्हॉट्सअपवर पीडीएफ फिरते. 'स्पष्ट व शुद्ध उच्चारात वाचन करतो', 'गणितातील उदाहरणे आवडीने सोडवतो'. मी एका वर्गात 40 मुलांपुढे हेच वाक्य लिहिलेलं बघितलंय, आणि त्यातला एक मुलगा दिवाळीपासून शाळेतच आलेला नव्हता. तेव्हा फसवतायत असं म्हणणार नाही मी, पण तो अ-1 तुमच्या मुलीबद्दल फार काही सांगत नाही एवढं नक्की.

मग घरी काय करायचं? दुसरीच्या पातळीचा एक आठ-दहा ओळींचा उतारा घ्या, गोष्ट असली तर बरं, पण तिने कधीच न पाहिलेला. तिच्या पुस्तकातला अजिबात नको, तो पाठ असतो. (पुस्तक उलटं धरून अख्खी कविता 'वाचणारी' पोरं बघितलीत मी, बोट पण फिरवतात ओळींवरून.) शांतपणे, कोणी पाहुणे नसताना, वाचायला द्या आणि एका मिनिटात किती शब्द झाले ते हळूच मोजा. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं जे लक्ष्य आहे त्यात दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान 60, तेही अर्थ समजून. तुमची तर अजून निम्मी तिसरी बाकी आहे, त्यामुळे 40-45 आले तरी घाबरायचं कारण नाही. वेगापेक्षा महत्त्वाचं पुढे आहे: तीन प्रश्न विचारा, दोन उताऱ्यात उत्तर असलेले, आणि एक असा की ज्याचं उत्तर लिहिलेलं नाही पण गोष्ट कळली असेल तर सांगता येतं. शेरडू घरी का आलं नसेल, असं काहीतरी.

मग एक वजाबाकी द्या, 42 वजा 17. उत्तर 25 आलं तर झालं. 35 आलं तर समजून जा की पोरगी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतेय, दोनातून सात जात नाहीत तर सातातून दोन घालवले आणि मोकळी झाली, म्हणजे दशक सुट्टा करून घ्यायचा असतो हे तिला कोणी दाखवलेलंच नाही. हे 35 मला आयुष्यभर भेटत आलंय. हा निष्काळजीपणा नव्हे बरं का, ती चूक नियमाने होते, आणि नियमाने होणारी चूक म्हणजे शिकवण्यातली एक पायरी राहिलीय.

तुमची मुलगी एकटी आहे असंही समजू नका. प्रथम संस्था 2005 पासून 'असर' सर्वेक्षण करते, खेड्यापाड्यात घरी जाऊन मुलांना असंच वाचायला देतात, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी. 2024 च्या असरमध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्केच मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली, म्हणजे चौघांत एक पण पूर्ण नाही. आणि हा आकडा 2022 च्या 16.3 पेक्षा सुधारलेला आहे! यातल्या किती मुलांच्या प्रगतीपुस्तकात अ-1 असेल देव जाणे.

एवढं झालं की बाईंना भेटा, पण प्रगतीपुस्तक घेऊन जाऊ नका, घरी हे सगळं टिपून ठेवलेला कागद घेऊन जा. भांडायला नको. फक्त विचारा की हिला आत्ता काय येतं, कुठे अडते आणि पुढचे दोन महिने आपण काय करायचं. ज्या बाई खरंच शिकवतात त्या रजिस्टर न उघडता सांगतील, 'अहो, जोडाक्षरं आली की थांबते ती, आणि रफार तर दिसतच नाही तिला'. आणि उत्तर 'हुशार आहे हो, फक्त लक्ष देत नाही' असं आलं, तर शिकवण्याबद्दल काय समजायचं ते समजा.

जाता जाता तिच्या वर्गातल्या आणखी दोघींच्या वह्या बघायला मिळाल्या तर बघा. तिन्ही वह्यांत शब्दाला शब्द सारखी उत्तरं असतील तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. लाल बरोबरच्या खुणांवर जाऊ नका. चुकलेलं मुलाने स्वतः परत लिहिलंय का, आणि ते कोणी परत तपासलंय का, हे बघा. शंभर पानी वहीत अशी चार ठिकाणं सापडली तरी शाळा बरी.

(आणि हो, ती 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' मध्ये गोंधळत असेल तर ओरडू नका. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचायची सोय दिली म्हणून केवढा गदारोळ झाला होता, टीव्हीवर विनोद झाले. मला विचाराल तर 63 ला त्रेसष्ट म्हणताना मुलाला तीन आधी बोलावं लागतं आणि सहा आधी लिहावा लागतो, ही आपल्या भाषेतली खरी अडचण आहे, मग 36 लिहिलं जातं यात त्याचा काय दोष.)

आमच्या गावातल्या शाळेचे यंदा शिष्यवृत्तीला 7 विद्यार्थी लागले, बोर्ड लावलाय चौकात. नातवाला तिथेच घालावं असा माझा आग्रह, सून नाही म्हणते. आपलं मत? – एक आजोबा, ता. कराड

बसले किती होते ते विचारा. वर्गात 60 मुलं, त्यातली 12 निवडून सकाळी सातला जादा तास, आणि त्यातले 7 लागले, तर त्या 12 मुलांवर मेहनत झाली हे खरं, आणि ती करणाऱ्या सरांना नमस्कारच, पण उरलेल्या 48 जणांचं काय चाललंय हे बोर्डावर नसतं. तुमचा नातू 12 मध्ये असेल का 48 मध्ये, हे आज कोणालाच माहीत नाही. शिवाय त्या सातांपैकी किती जण बाहेर क्लासला जात होते ते पण बघा, क्लासवाल्याचाही बोर्ड असेलच की त्याच चौकात, त्याच पोरांच्या फोटोंचा. सूनबाई का नाही म्हणतात ते त्यांना विचारलंत का?

नमस्कार मॅडम, मी शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलोय. वस्तीवरची झेडपीची शाळा, पहिली ते चौथी, पट 38, दोन शिक्षक. मी स्वतः दहावी, शेती करतो. मीटिंगला सह्या घेतात आणि चहा पाजतात. शाळेची गुणवत्ता आमच्यासारख्याने बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं? गुरुजींना राग आला तर? – एक सदस्य, जत

दादा, तुमचं पत्र सगळ्यात आवडलं. राग येईल म्हणून सही करून चहा पिऊन घरी येऊ नका. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्यात या समितीवर किमान 75 टक्के पालक ठेवलेत आणि निम्म्या बायका, ते काय चहासाठी नव्हे. शाळेचं कामकाज बघणं हे तुमचं कामच आहे. फक्त साहेब बनून जायचं नाही, खुर्ची मागायची नाही, मुलांच्या मागे सतरंजीवर बसायचं.

पहिलं बघायचं ते मार्क नव्हे, वेळ. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं झालं पाहिजे, म्हणजे दिवसाला 4 तास. आता तुमच्याकडे दोन गुरुजी आणि चार वर्ग. पट 60 च्या आत असला की दोनच शिक्षक मिळतात, ते नियमानेच आहे. त्यातले एक गुरुजी मीटिंगला, ट्रेनिंगला, कुठल्या तरी ऑनलाइन माहितीला तालुक्याला गेले की दुसरे एकटे चार वर्ग सांभाळतात, म्हणजे शिकवत नाहीत तर सांभाळतात. तुम्ही एक महिना नुसतं कॅलेंडरवर खूण करा, दोघंही दिवसभर वर्गात होते असे दिवस किती. बहुतेक गुरुजींपेक्षा तुम्हीच हबकाल. कायद्यात शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे हा कागद गुरुजींच्या विरुद्ध नाही, त्यांच्याच कामाचा आहे. तो घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तुम्ही गेलात तर गुरुजींना राग येण्याऐवजी बरंच वाटेल बघा.

दुसरं, टक्केवारीत अडकू नका. समजा तुमच्या चौथीत 9 मुलं आहेत. एक मूल कमी-जास्त झालं की 11 टक्के हलतात! गेल्या वर्षी 78 टक्के होते, यंदा 67, घसरण झाली म्हणून मीटिंगमध्ये आरडाओरडा होतो आणि घडलेलं काय असतं तर एक पोरगं त्या दिवशी तापाने घरी होतं. छोट्या शाळेत नावानिशी विचारायचं. तिसरी-चौथीतली कोणती मुलं अजून शब्दावरच आहेत, कोणती उतारा वाचतात, जूनला कुठे होती, आता कुठे आहेत. गुरुजींकडे अशी यादी असली तर निम्मं काम झालं, नसली तर पुढच्या मीटिंगला करायला सांगा, एका पानाची होते.

शाळासिद्धी नावाचं स्वयंमूल्यमापन पण शाळेने मागे भरलेलं असेल, 7 क्षेत्रं आणि 46 मानकं, प्रत्येकाला तीन स्तर. ते दाखवा म्हणा, मागायला काही हरकत नाही. पण त्यात मैदान, पाणी, स्वच्छतागृह, रेकॉर्ड याची गर्दी असते आणि शाळेनेच स्वतःला दिलेले मार्क असतात, त्यामुळे पोरांना भागाकार येतो का हे त्यातून कळेल अशी आशा ठेवू नका.

आणि वर्गात बसाल तेव्हा फळ्याकडे नाही, शेवटच्या ओळीतल्या दोन मुलांकडे बघत बसा अर्धा तास. गुरुजींनी त्या अर्ध्या तासात त्यांना एकदा तरी नावाने हाक मारली का? त्या दोघांनी एकदा तरी तोंड उघडलं का, का नुसतं सगळ्यांबरोबर 'होऽऽ' म्हटलं? मी केंद्रप्रमुख असताना फॉर्म भरायचा तो भरायचेच, पण वर्गाबद्दलचं माझं मत मात्र त्या शेवटच्या दोघांवरून व्हायचं. मोबाईलवर शूटिंग मात्र करू नका कृपा करून, हल्ली ती एक नवीनच साथ आलीय.

ताई, आम्ही लेस्टरला राहतो. मुलगा इयर वनमध्ये जाईल. घर बदलतोय आणि मिस्टरांचं म्हणणं 'आऊटस्टँडिंग' शाळेच्या भागातच घर बघायचं, भाडं जास्त असलं तरी. पण आता म्हणतात ते शेरेच बंद झाले. मग बघायचं काय? – एक वाचक, इंग्लंड

माझी भाची तिकडे शिकवते म्हणून थोडंफार कानावर असतं. ऑफस्टेडने, म्हणजे शाळा तपासणाऱ्या तिकडच्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर 2024 पासून सरकारी शाळांना तो एका शब्दाचा शेरा देणं थांबवलं, आणि नोव्हेंबर 2025 पासून वेगवेगळ्या बाबींवर वेगवेगळा शेरा असलेलं रिपोर्ट कार्ड सुरू केलं. बरं झालं असं मला वाटतं, अख्खी शाळा एका शब्दात कशी मावेल. पण तुमच्या मिस्टरांना एक गोष्ट सांगा, 2012 ते 2020 या काळात 'आऊटस्टँडिंग' शाळांची नेहमीची तपासणीच होत नव्हती, त्यांना सूट होती. त्यामुळे गेटवर ते जुनं बॅनर अजून लटकत असेल तर त्यावरचं वर्ष बघा, तेव्हाचे हेडटीचर कधीच निवृत्त झाले असतील.

तुम्हाला उपयोगी पडेल असं म्हणजे इयर वनच्या शेवटी फोनिक्सची तपासणी असते, 40 शब्द, त्यातले निम्मे चक्क खोटे, म्हणजे भाषेत नसलेले. मला ही युक्ती फार आवडली. खोटा शब्द पाठ असूच शकत नाही, त्यामुळे मूल खरंच अक्षरं जोडून वाचतं का ते लगेच उघडं पडतं. (मिरजेच्या ताई, तुम्ही पण 'गमोटा', 'फिसुळ' असे चार शब्द लिहून बघा.) इयर फोरला पाढ्यांची परीक्षा, 25 गणितं, प्रत्येकाला 6 सेकंद, तिथे आपले घरचे पाढे कामाला येतील, संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर म्हणून घ्या. इयर सिक्सच्या शेवटच्या परीक्षेत, सॅट्समध्ये, 100 स्केल्ड स्कोअर म्हणजे अपेक्षित पातळी. पण श्रीमंत वस्तीतल्या शाळेचे 108 आणि जिथे निम्म्या पोरांच्या घरी इंग्रजी बोलतच नाहीत तिथले 103, यातली जास्त कमाई कुठली हे आकडा सांगत नाही. भाडं वाढवायच्या आधी दोन्ही शाळा चालू दिवशी आतून बघून या, ओपन डेला नको, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात.

मॅडम, मी बीड जिल्ह्यात झेडपी शिक्षिका आहे. माझ्या चौथीत 14 मुलं, त्यातली 9 ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर जातात ती मार्च-एप्रिलला परत येतात. परवा केंद्राच्या बैठकीत पडद्यावर सगळ्या शाळांची यादी दाखवली आणि माझी शाळा खालून दुसरी, लाल रंगात. शेजारी तालुक्याच्या गावातली शाळा हिरव्या रंगात. मी रात्रभर झोपले नाही. मी खरंच वाईट शिकवते का? – एक शिक्षिका

बाई, ती लाल यादी मी पण दाखवलीय कधी काळी, वरून आदेश होता म्हणून, आणि त्याची लाज वाटते आज. म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं.

त्या यादीत तुमची पोरं कुठे आहेत ते दिसलं, कुठून निघाली होती ते दिसलंच नाही. जे मूल वर्षातले चार-पाच महिने कारखान्याच्या तळावर धाकट्या भावंडाला सांभाळत होतं त्याची आणि ज्याला घरी आई अभ्यास घेते त्याची एकाच पट्टीवर तुलना केली तर ते मोजमाप पावसाचं झालं, मळ्याच्या मशागतीचं नाही. मोठी सर्वेक्षणं तरी हे सांगून करतात. 4 डिसेंबर 2024 ला केंद्राच्या परख संस्थेचं जे देशभर झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं, ते नमुना सर्वेक्षण होतं, काही निवडक शाळा घेऊन जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र काढायचं. एकेका शाळेला नंबर लावायचा त्याचा उद्देशच नाही. आणि बघा ना, डिसेंबर! तेव्हा तुमची 9 मुलं गावात तरी होती का?

पण आता एक कडू विचारते, कारण मी तुमच्या जागी असते तर मला हे कोणीतरी विचारायला हवं होतं. 14 मधली उरलेली 5 मुलं वर्षभर तुमच्यासमोर होती ना? ती कुठे आहेत? ती पाचही उतारा वाचत असतील, 42 वजा 17 ला 25 म्हणत असतील, तर लाल रंग विसरा आणि झोपा निवांत. त्यातली तीन जर अजून जोडाक्षराशी झुंजत असतील तर मात्र ऊसतोडीच्या आड लपू नका, तिथे शिकवण्याकडेच बघावं लागेल, आणि ते तुमच्या हातात आहे हे त्यातलं चांगलं.

स्थलांतरित 9 साठी दोन गोष्टी. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो का ते बघा, मुलं आजीआजोबांकडे गावातच राहिली आणि जेवणाची सोय झाली तर वर्ष वाचतं. बहुतेक ठिकाणी प्रस्ताव मंजूर होईपर्यंत कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, गाडीत बसलेला असतो. जी जातीलच त्यांना शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत दाखवायचा कागद) नुसतं भरून देऊ नका, त्याच्या मागच्या बाजूला हाताने चार ओळी लिहा, 'हा शब्द वाचतो, वाक्याला अडतो, दोन अंकी बेरीज येते, वजाबाकी नाही'. तिकडच्या गुरुजींना छापील कागदापेक्षा या चार ओळींचा उपयोग जास्त होईल.

आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एक कोरा कागद भरून घ्या. स्वतःचं नाव, मनाने पाच ओळी, चार गणितं. चुका दुरुस्त करायच्या नाहीत, शेरा द्यायचा नाही, तसाच फाईलला लावायचा. मूल ऊसाला निघेल तेव्हा एक, परत येईल तेव्हा एक, आणि एप्रिलच्या शेवटी एक. पुढच्या बैठकीत पडद्यावर लाल यादी आली की त्यातल्या दोन मुलांचे चार-चार कागद साहेबांच्या टेबलावर ठेवा. काही बोलू पण नका. फक्त प्रत्येक कागदावर तारीख घालायची विसरू नका, मी एक वर्ष विसरले होते आणि 31 कागदांतला जूनचा कुठला आणि एप्रिलचा कुठला हे पोरांनाच विचारत बसले होते.